ऐतिहासिक कादंबरी घ्यावी की चरित्र?

वाचन सुटलेल्या माणसाला पुन्हा सुरुवात करायची असली, की गाडी बहुतेक वेळा या दोन कपाटांपाशी येऊन थांबते. रहस्यकथा एका बैठकीत संपते, पण खुनी कोण होता ते मला आठवड्याभराने आठवत नाही. प्रवासवर्णनं विमानतळावरच फार रेंगाळतात. कवितेबद्दल मी बोलू नये. तेव्हा जुन्या काळातली माणसं भेटावीत एवढीच इच्छा असेल, तर ऐतिहासिक कादंबरी किंवा चरित्र. चरित्रात मी आत्मचरित्रं आणि आठवणीही धरतो; ग्रंथपाल मंडळींनी रागावू नये.

पंचवीसेक वर्षं मी दोन्ही वाचतो आहे. आधी कादंबरीच्या बाजूचं सांगतो, कारण मला इतिहासाची गोडी लागली ती तिच्यामुळेच. रणजित देसाईंची माधवराव पेशव्यांवरची 'स्वामी' आली १९६२ साली, मी वाचली फार उशिरा, आणि रात्री दोनपर्यंत दिवा चालू ठेवून वाचली. माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला वारले, हे शाळेत पाठ केलं होतंच. शेवट ठाऊक असूनही शेवटची पानं उलटताना हात जड होतो, ही करामत चरित्रकाराला क्वचित जमते. चरित्रात मृत्यू म्हणजे बऱ्याचदा एक तारीख आणि अंत्ययात्रेच्या गर्दीचा अंदाज.

शिवाय काही जागा अशा असतात की तिथे कादंबरीकाराशिवाय कुणी जाऊच शकत नाही. वाड्यातल्या बायका काय बोलत होत्या, हे दफ्तरात कुठून सापडणार? दफ्तरात हिशेब असतात, स्वाऱ्या असतात, कर्जं असतात. माधवरावांच्या पत्नी रमाबाई यांच्या मनात डोकवायचं तर कल्पनेचाच दरवाजा. हे मला मान्य आहे, आणि या मुद्द्यावर माझ्याशी कुणी भांडलं तर मी लगेच माघार घेतो.

आता मेख. एका कादंबरीतलं (नाव घेत नाही, चांगली आहे, अजून खपते) एक पत्र मला इतकं आवडलं होतं की जवळजवळ पाठ झालं होतं. एक सरदार लढाईच्या आदल्या रात्री घरी लिहितो, असा प्रसंग. घरी चार माणसं जमली होती, विषय निघाला, आणि मी ते पत्र रंगवून सांगितलं. माझे मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "कुठे छापलंय रे हे पत्र?"

मी म्हटलं, "मामा, असणारच ना कुठेतरी."

"असणारच म्हणजे?"

पुढचे तीन रविवार मी ग्रंथालयात घालवले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड पहिल्यांदा हातात घेतले ते तेव्हा. पहिला खंड १८९८ सालचा, १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा. पत्र तिथे नव्हतं, आणखी दोन-तीन ठिकाणी पाहिलं तिथेही नव्हतं. ते कादंबरीकाराने स्वतः लिहिलं होतं, असाच निष्कर्ष मला काढावा लागला. तसं लिहायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. कादंबरीच आहे ती. मला झोंबलं ते वेगळंच. पुस्तकाच्या शेवटी चाळीसेक संदर्भग्रंथांची यादी होती, पण पुस्तकातलं काय कशातून घेतलं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. यादी पाहून विश्वास टाकायचा आणि तोंडघशी पडायचं वाचकाने.

तेव्हापासून कादंबरी वाचताना माझ्या हातात पेन्सिल असते. प्रसंग फार चांगला वठला की समासात प्रश्नचिन्ह. प्रसंग जितका चांगला तितका संशय जास्त, हे वाचनाचं सुख नव्हे हे मला कळतं, पण सवय जात नाही. तुम्हाला असं होत नसेल तर पुढचं वाचायची तशी गरज नाही, खुशाल कादंबरी घ्या.

जुन्या लेखकांनी हा घोटाळा जरा सांभाळला होता, असं मला वाटतं. हरिभाऊ आपट्यांच्या 'उषःकाल'मध्ये कथा पुढे नेणारी माणसं बरीचशी कल्पित आहेत. काळ शिवाजी महाराजांचा, पण रोजचं सुखदुःख कल्पित घरातलं. वाचकाची फसगत व्हायचं कारणच नाही. पुढे नायकच इतिहासातला खरा माणूस होऊ लागला आणि त्याच्या तोंडची वाक्यं लोक भाषणात वापरू लागले. अर्थात हा दोष एकट्या कादंबरीचा नाही. 'ध चा मा' घ्या. नारायणरावांचा खून शनिवारवाड्यात १७७३ साली झाला, हे खरं. पण आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं तो कागद? त्याच्याबद्दल अभ्यासकांना शंकाच आहे, आणि आपण मात्र त्याचा वाक्प्रचार करून बसलो.

चरित्रांचे दोष मी झाकणार नाही. पहिली पन्नास पानं कुळवृत्तांत. मूळ गाव कोणतं, आडनाव कसं पडलं, पणजोबांना इनाम कुणी दिलं. ती मी सरळ सोडतो आणि शाळेच्या प्रकरणापासून सुरू करतो, काही बिघडत नाही. मुलाने किंवा शिष्याने लिहिलेलं असेल तर जपून, कारण त्यात चरित्रनायक कधी चिडत नाही आणि त्याचे कधी पैसे बुडत नाहीत. विकत घेण्याआधी शेवटची पानं उघडून नामसूची आहे का ते पाहावं. सूची करायचे कष्ट ज्याने घेतले, त्याने बाकीचेही घेतले असावेत, असा माझा ठोकताळा आहे. एकदोनदा चुकलाय.

पण चरित्रात संशय आला तर तो तपासायला जागा असते. माझ्यासाठी पारडं झुकलं ते एवढ्यावरच. एकच माणूस दोन बाजूंनी पाहता येतो. न्यायमूर्ती रानड्यांचं न. र. फाटकांनी लिहिलेलं चरित्र आहे, आणि रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे १९१० सालचं पुस्तकही आहे. एकात सभा, चळवळी, लेखन. दुसऱ्यात नवरा बायकोला शिकवतोय आणि घरातल्या बायका तिला टोमणे मारताहेत. दोन्ही लागोपाठ वाचली तेव्हा मला रानडे पहिल्यांदा घरात वावरताना दिसले. वाड्यातल्या बायकांसाठी कल्पना लागते, असं मी वर कबूल केलं खरं, पण एकोणिसाव्या शतकात आलो की बायका स्वतःच लिहू लागतात. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचताना मी कितीदा मोठ्याने हसलो असेन. नवऱ्याचा विक्षिप्तपणा, वडिलांचं टोकाचं सोवळं, १८९५ साली नवऱ्याने, म्हणजे नारायण वामन टिळकांनी, ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर झालेली ताटातूट, सगळं त्या एकाच सुरात सांगतात, आणि रडायचं कुठे हे वाचकावर सोडतात. असे संवाद बेतून लिहिणं अवघड आहे.

आणि ज्यांना कादंबरीसारखं थरारक हवं पण माझ्यासारखी संशयाची खोडही आहे, त्यांच्यासाठी विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. वरसईचा हा भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेला आणि १८५७च्या धामधुमीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो शहरातच होता. जीव मुठीत धरून लपलेला माणूस काय पाहतो, ते त्यात आहे. मात्र इथेही एक गंमत आहेच. चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली ते छापलं तेव्हा मजकुरावर स्वतःचा हात फिरवला होता. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वेगळी आवृत्ती काढली. म्हणजे संपादकानेही ढवळाढवळ केली. फरक इतकाच की ती केली हे आपल्याला कळलं, आणि दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून पाहता येतात.

तेव्हा घ्यावं काय? रात्री झोपण्यापूर्वी अर्धा तास मिळत असेल आणि वाचलेलं कुणाला सांगायचं नसेल, तर कादंबरी बरी; 'स्वामी'पासून सुरू करा, पस्तावणार नाही. वाचलेलं चार माणसांत सांगायची खोड असेल तर गोडसे भटजी किंवा लक्ष्मीबाई. रानड्यांची जोडी त्यानंतर, पहिलं पुस्तक म्हणून ती जरा जड जाईल. माझा कल कुठे आहे ते लपलेलं नाही, पण माझं अनुभवाचं गाठोडं एका पत्राएवढंच आहे हेही लक्षात असू द्या.

ती पत्रवाली कादंबरी गेल्या वर्षी मामा घेऊन गेले, त्यातल्या चुका काढून देतो म्हणाले. दोनदा परत मागितली. शेवटची शंभर पानं राहिलीत, घाई करू नकोस, म्हणतात.