हॉप गाळायची जाळी, सातारी आलं आणि सात महिने

आधीच सांगते, ही जाळी बिअर करणाऱ्यांची आहे आणि आमच्याकडे बिअर होत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे महाराष्ट्रात परवान्याशिवाय ती घरी करताही येत नाही. आमच्याकडे होतो तो आलं-लिंबाच्या सरबताचा पाक. आठवड्याला दोन घाणे, नळ बसवलेलं पंचवीस लिटरचं स्टीलचं पातेलं, एका घाण्याला तीन किलो आलं. धाकटे दीर जर्मनीत असतात. तिथे घरापुरती बिअर करायला मुभा आहे आणि भावजींना तो नाद आहे. मे महिन्यात सुट्टीवर आले होते, तेव्हा मी पंच्यातून चोथा पिळताना बघून म्हणाले, "वहिनी, मनगटं जातील तुमची. आमच्याकडे यावर औषध आहे." जुलैत ओळखीच्या माणसाबरोबर ही जाळी आली.

दिसायला बारीक जाळीचं नळकांडं. बूड बंद, तोंड उघडं, काठाला तीन आकडे. आकडे पातेल्याच्या कडेवर अडकवायचे, नळकांडं आत लोंबतं. हॉप म्हणजे एका वेलीची कोनासारखी हिरवी फुलं, बिअरला कडूपणा आणि वास त्यांचा. आपल्याकडे हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात ही वेल लावतात. उकळीत ती फुलं, त्यातून त्यांच्या दाबून केलेल्या गोळ्या असल्या तर, भुगा होऊन थेट नळात जाऊन बसतात. भावजींचं दुखणं आणि माझं दुखणं एकच. त्यांचं हिरवं, माझं पिवळं.

पहिला घाणा वाया गेला, तोही माझ्याच उतावळेपणाने. मी आलं मिक्सरमधून काढलं, नळकांड्यात भरलं, पाण्यात सोडलं आणि वीस मिनिटांनी साखरही टाकली. पाक घट्ट व्हायला लागला तशी जाळी बुजली. नळकांडं उचललं तर आतला पाक आतच, बाहेर टपकायला तयार नाही. चार-पाच किलोचं ते गरम धूड हातात धरून मी उभी, मनगटावर पाक सांडला आणि पातेल्यात जे उरलं ते खळीसारखं गढूळ. मी भावजींना रागाने फोटो पाठवला. आत्या (माझ्या सासूबाई) बघून एवढंच म्हणाल्या, "अगं, साका काढला नाहीस व्हय?"

सगळी मेख तिथे होती. आल्यात भरपूर स्टार्च असतो. कच्चा असेपर्यंत तो वेगळा पडतो, एकदा शिजला की फुगतो, पाण्यात पसरतो आणि मग कुठल्याच जाळीला दाद देत नाही. आमच्या घरी आलेपाकाच्या वड्या करताना आल्याचा रस तासभर ठेवून खालचा पांढरा साका टाकून देतात, ते मला माहीत होतं. परदेशी वस्तू हातात आली म्हणून घरचं शहाणपण मी गुंडाळून ठेवलं. जाळी चोथा अडवते, साका नाही. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझी दीड किलो साखर वाचली असती.

आता रस आधी पिळून उंच भांड्यात दोन तास फ्रीजमध्ये ठेवते. वरचा रस अलगद ओतून घ्यायचा, तळाला खडूसारखा थर राहतो तो टाकायचा. चोथा दोन पाण्यांतून खळबळून मगच नळकांड्यात. साखर घालायची ती सगळं गाळून झाल्यावर. लिंबू तर गॅस बंद करून, पाक कोमट झाल्यावर.

आलं मिक्सरला लावणंही बंद केलं. मिक्सरचा लगदा म्हणजे भावजींच्या गोळ्यांचा भुगा, जाळीची भोकं बुजवणारा. ते म्हणाले, अख्खी फुलं वापरली की त्रास कमी. मग मीही आलं जाड किसणीवर किसायला लागले. पावसाळ्यात बाजारात जुनं, जून आलं होतं, त्याचे दोरे लांब निघायचे आणि जाळीत विणल्यासारखे अडकायचे. जानेवारीत साताऱ्यातल्या कोरेगावकडचं नवीन आलं आलं (वाक्य बरोबर आहे, दोनदाच लिहायचंय). त्याला दोरे कमी, पाणी जास्त. त्या दिवसांत जाळी धुणं अर्ध्या वेळेत व्हायचं.

एक तक्रार बिअरवाले करतात तीच माझी आहे. नळकांड्याच्या आत पाणी नीट खेळत नाही. बाहेर खळखळून उकळी, आत नुसतं रटरट. तेवढ्याच आल्याला पंच्यापेक्षा तिखटपणा कमी उतरतो, हे मला दुसऱ्याच घाण्याला जिभेवर कळलं. उपाय म्हणजे दर पाच मिनिटांनी नळकांडं वर-खाली करायचं, आणि गच्च भरायचं नाही, निम्म्यावर थांबायचं. म्हणजे मी तीन किलोचा चोथा दोन वेळा उकळते. वेळ वाढतो, मनगटं मात्र वाचतात.

माझी जाळी ३०० मायक्रॉनची, म्हणजे ०.३ मिलिमीटर भोकाची. डिसेंबरमध्ये एमआयडीसीतल्या एका स्टीलवाल्याकडून दुसरी करून घेतली. तिथे मायक्रॉन कुणी बोलत नाही, मेश बोलतात, म्हणजे एका इंचात किती भोकं, आणि मेशचा आकडा वाढला की भोक लहान होतं. मी ३०० च्या जवळचं म्हणून ४० सांगून आले, हवी होती ५०. चाळीसची भोकं ०.४ मिलिमीटरच्या आसपास. चूक माझी, पण ती चूक फळली. किसलेल्या आल्याला चाळीसच बरी: बुजत नाही, आतलं पाणी जास्त खेळतं, आणि जो थोडा कोंडा निसटतो त्याचं पुढे बघता येतं.

ते 'पुढे' भावजींनीच शिकवलं. नळकांडं बाहेर काढायचं, गॅस बंद करून पळीने पातेल्याच्या कडेने एकाच दिशेने जोरात ढवळायचं, पळी काढायची आणि झाकण ठेवून वीस मिनिटं हात लावायचा नाही. झाकण काढलं की कोंड्याची टेकडी बरोबर मधोमध, आणि नळ असतो कडेला. चहाच्या कपात ढवळल्यावर भुकटी मध्ये जमते, तेच हे. वाटतं की फिरवल्यावर गाळ बाहेर फेकला जाईल. पण तळाला घासून पाण्याचा वेग कमी होतो, त्यामुळे तिथलं पाणी मध्याकडे सरकतं आणि गाळाला ओढून नेतं. १९२६ साली आइनस्टाईनने नद्या वळणं का घेतात हे समजावताना हाच चहाचा कप घेतला होता. वळणावर बाहेरचा काठ खचतो, आतल्या बाजूला वाळू साठते. साताऱ्याजवळच्या माहुलीच्या खाली कृष्णेचा काठ बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. साखर घालायच्या आधीच हे करायचं, घट्ट पाकात टेकडी होत नाही.

धुणं तापदायक आहे, ते लपवत नाही. काढल्या काढल्या उलटी धरून बाहेरून आत पाण्याची धार मारली तर दोन मिनिटांचं काम. एकदा लाइट गेली, मोटर बंद, जाळी तशीच राहिली. सकाळी दोरे वाळून चिकटलेले. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवली, मग जुन्या टूथब्रशने घासली. आमचं पाणी बोअरचं, त्यामुळे महिन्याभरात जाळीवर पांढरट क्षार धरतो. त्याला पिळलेल्या लिंबांच्या साली घालून एक उकळी पुरते, साली घरात असतातच.

ऑक्टोबरात परदेशी जाळीच्या एका आकड्याचा टाका सुटला, पाच किलो वजन पुन्हा पुन्हा पेलायला तो केलेलाच नसावा. आर्गन वेल्डिंग करून घेतलं, वेल्डरने आतून एक पट्टीही टाकली, तेव्हापासून हललेला नाही. जाळी नवी घेणाऱ्याने जाळीपेक्षा आधी आकडे बघावेत.

पंचा मी सोडलेला नाही. बाटलीत भरताना शेवटचं गाळणं अजून त्यातूनच, फक्त आता तो पिळावा लागत नाही, नुसता धरायचा. आत्यांनी ३०० ची जाळी कोकम भिजवायला घेतलीय, ती परत मिळेल असं दिसत नाही. भावजी मेमध्ये येतायत, त्यांना कळवलंय की जाळी आणू नका, पातेल्याचा नळ आतून साफ करायचा तो लांब बारीक ब्रश आणा.