अर्धा इंची जाळीचं खुराडं: पिल्लं, साप आणि एक पावसाळा

कोंबडीच्या पिल्लांसाठी अर्धा इंची वेल्डेड जाळीचं खुराडं करून घेतलं, त्याला एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला. तेव्हापासून सापाने एकही पिल्लू नेलेलं नाही. तरीही पाचपैकी चारच तारे देते. एक कशाला कापला, ते दाराची गोष्ट निघेल तेव्हा सांगते.

आमचं घर नाशिकजवळच्या मखमलाबादच्या बाहेरच्या अंगाला. एका बाजूला द्राक्षबाग, दुसरीकडे पाट. उंदरांना दाणा, बेडकांना पाणी, आणि दोघांच्या मागावर येणाऱ्यांची तर चंगळच. गावरान कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत. खुडूक बसवायची, पिल्लं निघाली की रात्री डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायचा, ही घरची पद्धत. घार, कावळा, बोका यांच्यासाठी डालगं पुरतं. पण कामट्यांच्या फटीतून बोट जातं, आणि बोट जाईल तिथून तस्कर साप आरामात जातो.

जाळीवर पैसे घालण्याआधी पिल्लं सापच नेतोय का, हे बघा. साप पिल्लू आख्खं गिळतो, त्यामुळे मागे रक्त नाही, पिसं नाहीत, फक्त सकाळी मोजताना आकडा कमी येतो. कधी पिल्लू त्याच्या तोंडापेक्षा मोठं निघतं, मग तो मारून तसंच टाकून जातो. अशा पिल्लाच्या डोक्यामानेवरची पिसं ओली, चिकटलेली दिसतात. मुंगूस किंवा मांजर आलं असेल तर पिसांचा पसारा असतो. घूसही माग न ठेवता पिल्लू ओढून नेते, पण तिचं बीळ आसपासच सापडतं आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग असतो. घुशीसाठी खर्च वेगळ्या जागी करावा लागतो, म्हणून हे आधी.

आपल्या भागात पिल्लांच्या मागे येणारे साप मुख्यतः तीन: धामण, तस्कर आणि नाग. धामण दोन मीटरच्या वर जाते आणि झाडावर सहज चढते, म्हणून खुराड्यावर टेकलेली फांदी आधी छाटायची. नाग पिल्लांबरोबर अंडीही खातो. दिवडाला बेडूक-मासे पुरतात, कवड्या पालींच्या मागे असतो. साप दिसला म्हणजे तो पिल्लांसाठीच आला असं धरून चालू नये.

आता जाळी. बाजारात ‘कोंबडी जाळी’ म्हणून मिळते ती षटकोनी, विणलेली, बहुधा पाऊण किंवा एक इंचाची. ती कोंबडीला आत ठेवते, सापाला बाहेर ठेवत नाही. आमच्या शेजारच्या काकांकडे तीच आहे. त्यांच्या खुराड्यात धामण रिकाम्या पोटी आत शिरली, पिल्लू गिळलं आणि फुगलेल्या पोटामुळे त्याच भोकातून निघताना अडकली. सकाळी अर्धी आत, अर्धी बाहेर. सर्पमित्राने तारा कापून तिला सोडवलं, जाळीचा मात्र तेवढा भाग गेला.

द्राक्षबागेवरची जुनी नायलॉनची पक्षी जाळी घरोघरी पडलेली असते, ती फुकटात गुंडाळायचा मोह होतो. कृपा करून नको. साप तिच्यात शिरतो, खवले धाग्यात अडकतात, जितका वळवळतो तितका फास आवळतो. अडकलेला नाग पहाटे दाणा टाकायला गेलेल्या माणसाच्या हाताशी असतो, हे लक्षात घ्या.

अर्ध्या इंचाचा हिशेब साधा आहे. ज्या सापाचं अंग त्या चौकोनातून जाईल, त्याचं तोंड पिल्लाला पुरणार नाही. मण्यारीची लहान पिल्लं जाऊ शकतील, पण ती कोंबडीच्या पिल्लासाठी येत नाहीत. धोका असेल तर तुमच्या हाताला, म्हणून अंधारात बॅटरीशिवाय आत हात घालायचा नाही. पाव इंची जाळीही पाहिली होती. ती महाग, शिवाय तूस आणि पिसांनी बुजते, हवा कोंडते. मला तरी तिची गरज वाटली नाही.

घेताना दोन गोष्टी विचारा. तार किती गेजची (मी १९ गेजची घेतली, त्यापेक्षा बारीक असेल तर घूस वाकवते), आणि जस्ताचा मुलामा वेल्डिंगआधीचा की नंतरचा. आधीचा असेल तर जोडाच्या ठिकाणी जस्त जळलेलं असतं आणि गंज तिथूनच धरतो. विष्ठेतल्या अमोनियाने खालची पट्टी सगळ्यात आधी जाते. माझी वेल्डिंगनंतर मुलामा दिलेली आहे, तरी पावसाळ्यानंतर खालच्या वितीभर भागावर पांढरी भुकटी आली आहे. गंज अजून नाही. आणि दुकानात जाताना पट्टी न्या. पाऊण इंचालाही ‘अर्धा इंचीच आहे ताई’ म्हणून गुंडाळून देतात.

सांगाडा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला, खाली सिमेंटचा कोबा, वर पत्रा. त्याचं म्हणणं होतं, वर पत्रा असल्यावर जाळी कशाला. पण पन्हाळी पत्रा चौकटीवर टेकतो तिथे प्रत्येक लाटेखाली साप शिरेल एवढी फट राहते, आणि धामणीला भिंत चढून तिथवर यायला वेळ लागत नाही. पत्र्याखाली जाळी लावूनच घेतली.

दार मात्र फसलं. नवीन असताना चपखल बसत होतं, उन्हाने आणि रोजच्या उघडझापीने चौकट झोल खाऊन खाली बोटभर फट पडली. भादव्यात एक तस्कर तिथेच वेटोळं करून बसलेला सापडला, डोकं फटीत. पिल्लं वाचली ती आतल्या बाजूला उंबऱ्यावर वीट होती म्हणून. आधी रबराची पट्टी लावली, ती उंदरांनी कुरतडली. आता जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पट्टी ठोकली आहे. सगळा पैसा जाळीवर आणि दार मात्र हलक्या पट्ट्यांचं, अशी ही बनावट. तारा त्यासाठी कापला. तुम्ही करून घेणार असाल तर दाराची चौकट लोखंडी अँगलची मागा, आणि फट पेन्सिलीच्या जाडीपेक्षा जास्त नको.

हिवाळ्यात वेगळाच प्रश्न आला. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण ३५ अंश ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायची. नाशिकची थंडी म्हणजे पहाटे पारा दहाच्या खाली, त्यात चहूबाजूंनी जाळी. बल्ब एकटा पुरत नाही, बारदान बांधावंच लागतं. पण बारदान जमिनीपर्यंत सोडलं की त्याच्या आणि जाळीच्या मधल्या उबेत साप येऊन बसतो. म्हणून ते जमिनीपासून हातभर वर ठेवायचं आणि ऊन आलं की गुंडाळायचं. खालच्या भागाला आतून पुठ्ठा लावते. आत भाताचं तूस, इगतपुरीकडून येतं ते, ओलं झालं की लगेच बदलायचं.

बाकीच्या उपायांबद्दल विचारणारे खूप आहेत, म्हणून थोडक्यात. गंधक: काका अजून म्हणतात, “जाळीला काय पैसे घालवते बाई, गंधक मार.” द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी बागेत गंधक पडतंच, आणि साप त्याच बागेतून येतात. त्याला गंधकाची भीती असती तर आमच्याकडे एकही दिसला नसता. डांबर गोळ्या सापाला हटवत नाहीत, पिल्लाने चोच मारली तर मात्र विषबाधा होते. फिनाइलचा वास लवकरच उडतो. ऑनलाइन मिळणारी अल्ट्रासोनिक यंत्रं म्हणजे निव्वळ पालथ्या घड्यावर पाणी. अल्ट्रासोनिक म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज, आणि सापाला ऐकू येतो तो काहीशे हर्ट्झपर्यंतचा.

जाळीइतकाच फरक पडला तो उंदीर कमी झाल्याने. संध्याकाळी उरलेला दाणा उचलायचा, खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचं, घुशींची बिळं खडी-सिमेंटने बुजवायची. साप स्वतः बीळ खणत नाही, घुशीच्या बिळात राहतो. छाटणीच्या काड्यांचा ढीग खुराड्याला लागून होता, तो सरपणाला गेला. उंदरांसाठी चिकट सापळे लावू नका, त्यात साप अडकतात.

साप दिसलाच तर काठी शोधू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मारणं गुन्हा आहे, आणि मारायला किंवा पकडायला गेलं की चावा बसण्याचा धोका वाढतो. लांबून नजर ठेवायची आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा ओळखीच्या सर्पमित्राला फोन करायचा. चावलाच तर आवळपट्टी नाही, ब्लेड नाही, मांत्रिक नाही. हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट सिव्हिल हॉस्पिटल गाठायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप पकडून दाखवायला नेण्याची गरज नसते.

दोनचार कोंबड्या असतील तर एवढा मोठा सांगाडा नको. लाकडी पेटीला चारी बाजूंनी हीच जाळी ठोकली आणि झाकणाला घट्ट कडी लावली तरी काम भागेल. आमच्याकडे आता खुडूक पुन्हा बसली आहे. मृगाआधी दाराची चौकट अँगलची करून घ्यायची आहे, खालची पांढरी पडलेली पट्टीही तेव्हाच रंगवून घेईन.