परदेशी शिकायला जाताना आरोग्य विमा: इथून घ्यावा की तिथला?

ॲडमिशन झालं की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एजंटापासून नात्यातल्या विमावाल्या काकांपर्यंत सगळे एकच सांगतात: इथूनच स्टुडंट ट्रॅव्हल पॉलिसी घेऊन टाका, स्वस्तात पडते. स्वस्तात पडते हे खरं. पण ती चालेल की नाही हे एजंट ठरवत नाही, तो देश आणि ते विद्यापीठ ठरवतं. म्हणून हप्त्यांची तुलना नंतर. आधी आपल्याला निवडीला वाव तरी आहे का, ते बघायचं.

ब्रिटनला तो नाहीच. व्हिसाच्या अर्जासोबतच हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षापेक्षा चार-पाच महिने जास्त मिळतो आणि त्या वरच्या महिन्यांचे अर्ध्या वर्षाचे पैसे लागतात, म्हणून बिल १,१६४ पौंडांचं येतं. त्यात सरकारी डॉक्टर आणि हॉस्पिटल आलं. दात, चष्मा आणि इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीचे पैसे वेगळे. वरून इथली मोठी पॉलिसी घेणं म्हणजे दुहेरी खर्च. ऑस्ट्रेलियात ओएसएचसी हा परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा व्हिसाच्या पूर्ण मुदतीचा आणि तिथल्याच मान्यताप्राप्त कंपनीचा लागतो. निवडायची ती फक्त कंपनी. आधीपासूनच्या आजाराला सहसा १२ महिने थांबावं लागतं, हे मात्र दमा-थायरॉइडवाल्यांनी ध्यानात ठेवावं.

खरा निर्णय जर्मनी आणि अमेरिकेला जाणाऱ्यांना घ्यायचा असतो.

जर्मनीत तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असतात. सरकारी पद्धतीचा विमा (टेक्निकर, एओके, बार्मर वगैरे) महिन्याला साधारण १४० ते १५० युरोंना पडतो. खाजगी विमा जाहिरातीत ३०-४० युरोंपासून दिसतो. ब्लॉक खात्यातून (व्हिसासाठी खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) महिन्याला ९९२ युरो सुटतात, त्यातून शंभर युरो वाचतायत म्हटल्यावर पोरं खाजगीकडं वळतात. पण सरकारी विम्यात जुना आजार चालतो, कार्ड दाखवलं की डॉक्टर पैसे मागत नाही, औषधाला ५ ते १० युरो आणि हॉस्पिटलात दिवसाला १० युरो एवढंच खिशातून जातं. स्वस्त खाजगीत आधी बिल आपण भरायचं, मग क्लेम. जुना आजार बहुधा वगळलेला, दातांना मर्यादा, आणि निवास परवाना वाढवताना परदेशी नागरिक कार्यालय ती पॉलिसी अपुरी ठरवू शकतं.

सगळ्यात मोठी अडचण पुढंच आहे. खाजगी घ्यायचा तर सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, ती पहिल्या तीन महिन्यांत, आणि एकदा घेतली की ते शिक्षण संपेपर्यंत मागं फिरता येत नाही. तिशीच्या आत असाल तर सरकारीच घ्या, हे आमचं स्पष्ट मत. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत काही वर्षं नोकरी करून तिशीनंतर निघालेल्यांना विद्यार्थी दर मिळत नाही. त्यांनी खाजगीच बघावा, पण मर्यादा वाचून, महागातला.

सरकारी विम्याची नोंदणी इथूनच ऑनलाइन होते, विद्यापीठाचं प्रवेशाचं पत्र जोडलं की व्हिसासाठी पत्र मिळतं. विमा मात्र तिथं नोंदणी आणि सेमिस्टर सुरू झाल्यावर लागू होतो, म्हणून मधल्या आठवड्यांसाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा घ्यायचा. इथली पॉलिसी कामाला येते ती या मधल्या काळात. पोहोचल्यावर पत्ता, बँक खातं आणि नोंदणीचा दाखला विमा कंपनीला कळवायचा. कार्ड पोस्टानं येतं. पत्रपेटीवर आपलं आडनाव नसेल तर पोस्टमन ते परत नेतो. हप्ते थकले तर कंपनी विद्यापीठाला कळवते आणि प्रवेश रद्द होण्यापर्यंत गोष्ट जाते.

अमेरिकेत एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसाला केंद्र सरकारची विम्याची सक्ती नाही, पण बहुतेक विद्यापीठं आपली योजना फीच्या बिलात आपोआप लावतात. ती वर्षाला दोन-तीन हजार डॉलर किंवा जास्त, आणि इथली पॉलिसी त्याच्या कितीतरी कमी. फरक आत आहे. विद्यापीठाच्या योजनेत जुने आजार, मानसिक उपचार, गरोदरपण येतं. इथल्या पॉलिसीत सम इन्शुअर्ड (विम्याची एकूण रक्कम) अडीच लाख डॉलर लिहिलेलं असलं तरी आजारागणिक मर्यादा असू शकतात, आणि जुन्या आजाराला जिवावर बेतलं तरच थोडी मदत. तिच्यात सामान, पासपोर्ट, शिक्षणात खंड, पालकाचा मृत्यू असली कलमं असतात, जी विद्यापीठाच्या योजनेत नसतात.

पण विद्यापीठाची योजना नाकारायला वेव्हर, म्हणजे तिच्यातून सुटीचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो. अनेक विद्यापीठं परदेशी कंपनीची पॉलिसी मुळातच घेत नाहीत. काही ठिकाणी अमेरिकेत क्लेम कार्यालय हवं असतं. क्रम असा ठेवा: आधी विद्यापीठाच्या साइटवरून वेव्हरच्या अटी उतरवून घ्या, त्या कागदावर कंपनीकडून ओळीवार लेखी उत्तर मागा (एजंटाचं तोंडी ‘चालतंय हो’ धरू नका), मगच पैसे भरा. पॉलिसी भारत सोडण्याआधी घ्यावी लागते, वेव्हरची शेवटची तारीख सेमिस्टरच्या सुरुवातीलाच असते, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर परतावा मिळणं अवघड. म्हणून वेव्हरचा निकाल विमानात बसण्याआधी हाती यावा. जे-१ (एक्स्चेंज व्हिसा) वाल्यांना किमान अटी ठरलेल्या आहेत: प्रत्येक आजाराला १ लाख डॉलर, डिडक्टिबल (क्लेमआधी आपण भरायची रक्कम) ५०० डॉलरपेक्षा जास्त नाही.

जर्मनी असो की अमेरिका, दाताची कामं कोल्हापुरातच उरकून जा. रूट कॅनाल, अक्कलदाढ, चष्म्याची जादा जोडी. औषधांची चिठ्ठी इंग्रजीत, ब्रँड नव्हे तर घटकाच्या नावानं लिहून घ्या. फॉर्मवर दमा, साखर लपवू नका. क्लेमच्या वेळी इथलीच जुनी फाइल मागवली जाते. आणि अमेरिकेत १८ पूर्ण झालेल्या मुलाची माहिती हॉस्पिटल फोनवर आईवडिलांना सहसा सांगत नाही. तिथल्या हेल्थ सेंटरमध्ये त्याचा संमतीचा फॉर्म मिळतो, तो पहिल्याच आठवड्यात भरून ठेवा.