टायनी टेपआउट: चिप कंपनीतली नोकरी आधी चाखून बघायची असेल तर

चिप कंपनीत इंजिनिअर दिवसभर नेमकं काय करतो, हे कॉलेजात कळत नाही आणि नोकरीच्या जाहिरातीतून तर मुळीच नाही. ते थोडक्या पैशांत अनुभवायचा एक बरा मार्ग म्हणजे टायनी टेपआउट (टेपआउट म्हणजे तयार डिझाइन चिपच्या कारखान्याकडे धाडणं). मॅट व्हेन यांनी २०२२ साली सुरू केलेली ही सेवा शेकडो लोकांची छोटी डिझाइन्स एकाच चिपवर बसवते आणि मास्क (छपाईचे साचे), वेफर (सिलिकॉनची चकती), पॅकेजिंग या सगळ्याचा खर्च वाटून टाकते. आपल्या चाळीसारखाच प्रकार. प्रत्येकाची खोली वेगळी, जिना आणि गॅलरी सामाईक. इथे गॅलरीचं काम मल्टिप्लेक्सर करतो: बोर्डवरून ज्याचं डिझाइन निवडाल, त्याच्याच तारा बाहेरच्या पिनांना जोडल्या जातात. त्यामुळे हातात येणाऱ्या चिपवर बाकीच्यांचीही डिझाइन्स चालवून बघता येतात.

खोलीचा, म्हणजे टाइलचा आकार साधारण १६० गुणिले १०० मायक्रॉन. त्यात जेमतेम हजार गेट बसतात. ८ इनपुट, ८ आउटपुट, दोन्ही दिशांना चालणाऱ्या ८ पिना, शिवाय क्लॉक, रीसेट आणि ‘एना’ नावाची एक तार. जास्त जागा हवी असेल तर जास्त टाइल विकत घ्यायच्या. टाइल आणि बोर्ड असलेला किट यांचे दर वेगवेगळे असतात आणि शटलगणिक, म्हणजे एकत्र पाठवल्या जाणाऱ्या डिझाइनांच्या खेपेगणिक, बदलतात. परदेशातून येणाऱ्या पार्सलवर कस्टम ड्यूटी लागली तर ती वेगळी, तेव्हा हिशेब करताना तेवढी पुंजी बाजूला ठेवलेली बरी.

काम सुरू होतं गिटहबवरच्या तयार साच्यापासून. साचा कॉपी करायचा, माहितीच्या फाइलमध्ये नाव, टाइलची संख्या आणि पिनांची यादी भरायची, व्हेरिलॉग (हार्डवेअरचं वर्णन करायची भाषा) लिहायचं. मुख्य मॉड्यूलचं नाव ‘टीटी-यूएम’ या ठरलेल्या अक्षरांनी सुरू व्हावं लागतं. व्हेरिलॉग येत नसेल तर वोकवी या ब्राउझरमधल्या सिम्युलेटरवर गेट ओढून-जोडूनही डिझाइन करता येतं, पण नोकरीचा अंदाज घ्यायचा असेल तर तो रस्ता टाळा. कोड चढवला की क्लाउडवर आपोआप सगळी साखळी चालते: योसिसने सिंथेसिस (कोडचे गेट बनवणं), मग प्लेसमेंट (गेट जागेवर बसवणं), क्लॉक ट्री (क्लॉक सगळीकडे पोचवणं), राउटिंग (तारा जोडणं), शेवटी जीडीएस फाइल (कारखान्याला जाणारा नकाशा) आणि डीआरसी तपासणी (नकाशा कारखान्याचे नियम पाळतो का). लॅपटॉपवर काहीही बसवावं लागत नाही, हा या सेवेचा सर्वांत मोठा गुण. आपल्या डिझाइनचं थ्रीडी चित्र ब्राउझरमध्ये फिरवून बघता येतं. ते दिसतं छान, उपयोग फारसा नाही.

पहिल्यांदा काय अडतं? बहुतेकदा अगदी किरकोळ गोष्टी. वापरात नसलेल्या आउटपुटांना शून्य दिलेलं नसतं. दोन्ही दिशांच्या पिनांवर डेटा पाठवलेला असतो, पण त्यांची दिशा ठरवणारा सिग्नल १ केलेला नसतो. मग सिम्युलेशनमध्ये आकडे बरोबर दिसतात आणि चिपवर पिना मुक्या राहतात. कॉम्बिनेशनल केस-स्टेटमेंटमध्ये ‘डिफॉल्ट’ विसरला की नको असलेला लॅच, म्हणजे जुनी किंमत धरून ठेवणारा घटक, तयार होतो. न वापरलेल्या इनपुटांवरून लिंटर (कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवणारा प्रोग्राम) कुरकुर करतो. त्या सगळ्या एका खोट्या तारेत ‘अँड’ करून टाकल्या की तो गप्प बसतो. पण लिंटरचे बाकीचे इशारे असे गप्प करू नका. त्यातला प्रत्येक वाचायचा असतो. कंपनीत नव्या मुलाला पहिल्या महिन्यात नेमकं हेच काम मिळतं.

खरी शिकवणी मात्र गेट-लेव्हल टेस्टमध्ये आहे. टेस्टबेंच, म्हणजे डिझाइनला इनपुट देऊन उत्तरं तपासणारा प्रोग्राम, कोकोटीबीत, म्हणजे पायथॉनमध्ये लिहायचा असतो. तो आधी आपल्या व्हेरिलॉगवर चालतो आणि मग तोच टेस्टबेंच राउटिंगनंतरच्या नेटलिस्टवर (गेट आणि तारांच्या यादीवर). पहिला हिरवा (पास) आणि दुसरा लाल (नापास), हे दृश्य इथे वारंवार दिसतं आणि त्याची कारणं ठरलेली असतात. सर्वांत नेहमीचं कारण ‘इनिशियल’ ब्लॉक, म्हणजे सुरुवातीच्या किमती ठरवणारा कोड. एफपीजीएवर (पुन्हा पुन्हा प्रोग्राम करता येणाऱ्या चिपवर) तो चालतो, सिम्युलेशनमध्येही चालतो, पण एसिकमध्ये, म्हणजे अशा खास बनवलेल्या चिपमध्ये, त्याला अर्थच नाही. वीज आल्यावर फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारा घटक) ० की १, हे कोणीच ठरवलेलं नसतं. रीसेट न दिलेल्या एका रजिस्टरचा एक्स (अज्ञात किंमत) मग गेटागेटांतून पसरत आउटपुटपर्यंत येतो. दुसरं कारण म्हणजे टेस्टबेंच मॉड्यूलच्या आतल्या तारांची नावं घेऊन डोकावत असतो. सिंथेसिसनंतर उतरंड सपाट होते, नावं बदलतात, आणि टेस्ट ‘अशी तार सापडत नाही’ म्हणून कोसळते. उपाय एकच: तपासणी फक्त बाहेरच्या पिनांवरून करायची आणि प्रत्येक कंट्रोल रजिस्टरला रीसेट द्यायचा. डेटा रजिस्टरला रीसेट नसला तरी चालतं, पण वाचण्याआधी त्यात काहीतरी लिहिलं जातंच, याची खात्री हवी.

साच्यातला टेस्टबेंच नावापुरता असतो, दोन आकडे देऊन एक उत्तर तपासणारा. तो तसाच ठेवून डिझाइन पाठवणारे खूप. सेवा अडवत नाही, पण अडवायला हवं होतं असं आमचं मत. कंपनीत लॉजिक लिहायला जितका वेळ जातो त्याहून बराच जास्त वेळ ते बरोबर आहे हे दाखवण्यात जातो आणि त्यासाठी व्हेरिफिकेशनची वेगळी टीम असते. इंटेलच्या पेंटियममध्ये भागाकाराच्या तक्त्यातल्या ५ नोंदी रिकाम्या राहिल्याचं १९९४ साली उघड झालं आणि कंपनीला ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. ८ बिटांचा गुणाकार बसवला असेल, तर इनपुटाच्या सगळ्या ६५,५३६ जोड्या चालवून बघायला काही लागत नाही. बघाच.

जागेचं गणित आधी कागदावर करा. स्कायवॉटर या कारखान्याच्या १३० नॅनोमीटर तंत्राच्या लायब्ररीतला सर्वांत साधा फ्लिप-फ्लॉप सुमारे २० चौरस मायक्रॉन जागा घेतो. टाइल सोळा ते अठरा हजार चौरस मायक्रॉनची, आणि साच्यात घनता, म्हणजे टाइलचा भरायचा भाग, ६० टक्के धरलेली. म्हणजे हातात साधारण दहा हजार. ६४ बाइटची मेमरी फ्लॉपने बांधायची ठरवली तर ५१२ फ्लॉपच दहा हजारांच्या वर जातात. पत्ता उलगडणारं लॉजिक आणि मल्टिप्लेक्सर अजून यायचेच आहेत. घनता ८०-८५ वर नेली की प्लेसमेंट कधी जमतं, पण राउटिंग अडकतं किंवा होल्ड (क्लॉकच्या ठोक्यानंतर डेटा थोडा वेळ टिकावा ही अट) सुधारायला घातलेल्या बफरांना जागा उरत नाही. अशा वेळी घनतेशी झगडण्यापेक्षा मेमरी कमी करावी किंवा आणखी एक टाइल घ्यावी.

टायमिंगबाबत साचा क्लॉकचा काळ २० नॅनोसेकंद, म्हणजे ५० मेगाहर्ट्झ धरतो. सेटअप (डेटा क्लॉकच्या ठोक्याआधी पोचावा ही अट) चुकला तर फारसं बिघडत नाही, बोर्डवर क्लॉक हळू करून काम भागतं. होल्ड चुकला तर क्लॉक कितीही हळू करा, डेटा वेळेआधीच पुढच्या फ्लॉपमध्ये घुसणार. म्हणून रिपोर्टमध्ये आधी होल्ड बघायचा. बाहेरून येणारं बटण किंवा यूएआरटीची (सिरियल जोडणीची) तार सरळ स्टेट मशीनला जोडू नका, मध्ये दोन फ्लॉपचा सिंक्रोनायझर ठेवा. सिम्युलेशनमध्ये ही चूक पकडली जात नाही.

मग वाट बघणं. सबमिशनपासून चिप हाती यायला अनेक महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. सुरुवातीची शटल एफॅबलेस या कंपनीमार्फत स्कायवॉटरकडे जात. २०२५ मध्ये एफॅबलेस बंद पडली आणि टायनी टेपआउटला जर्मनीतल्या आयएचपीसारख्या दुसऱ्या फॅबकडे (चिप बनवणाऱ्या कारखान्याकडे) वळावं लागलं. तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टची तारीख चिपच्या भरवशावर ठरवू नये. रिपोर्ट जीडीएस आणि गेट-लेव्हल टेस्टवर लिहावा, चिप आली तर दिवाळी. फॅब बदलला की स्टँडर्ड सेल (गेट आणि फ्लॉपचे तयार ठोकळे) बदलतात, जागेचं गणितही बदलतं. जुन्या शटलमध्ये बसलेलं डिझाइन नव्यात तसंच बसेल असं नाही.

बोर्ड चांगला आहे. इनपुटसाठी डिप स्विच, सेव्हन-सेगमेंट डिस्प्ले, पीमॉड (बाहेरची मॉड्यूल लावायच्या) जोडण्या, आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारा मायक्रोपायथॉनवर चालणारा मायक्रोकंट्रोलर. यूएसबी लावायची, आपलं डिझाइन निवडायचं, क्लॉकची गती ठरवायची, रीसेट द्यायचा. थेट ५० मेगाहर्ट्झवर उडी मारू नका. आधी १० हर्ट्झ, मग किलोहर्ट्झ, मग मेगाहर्ट्झ. एका ठरावीक गतीनंतर बिघडलं तर संशय सेटअपवर किंवा पिनांपर्यंतच्या विलंबावर, प्रत्येक गतीला बिघडलेलंच असेल तर रीसेट, पिनांची दिशा किंवा सरळ लॉजिकची चूक. कंपनीत चिप परत आल्यावर लॅबमध्ये हेच होतं, फक्त बोर्ड मोठा असतो आणि मागे मॅनेजर उभा असतो.

या चवीत काय नाही, तेही सांगायला हवं. इथे डिझाइन, व्हेरिफिकेशन आणि फिजिकल डिझाइन तिन्ही तुम्हीच. पुण्यातल्या किंवा बंगळूरच्या ऑफिसात माणसाच्या वाट्याला यातला एकच तुकडा येतो, आणि त्या तुकड्यातलाही एक ब्लॉक. तिथली हत्यारं सिनॉप्सिस, केडन्स आणि सीमेन्सची, टेस्टबेंच यूव्हीएममध्ये (व्हेरिफिकेशनच्या ठरलेल्या चौकटीत), रात्रभर चालणारी रिग्रेशन (सगळ्या टेस्ट पुन्हा चालवणं) आणि सकाळी पडलेल्या टेस्टची वर्गवारी. एकाहून जास्त क्लॉक, चाचणीसाठीची स्कॅन साखळी, वीज बंद-चालू होणारे भाग, टेपआउटच्या तोंडावर येणारे ईसीओ (शेवटच्या क्षणीचे बदल), मध्येच बदललेला स्पेक, अमेरिकेतल्या टीमबरोबर रात्री साडेनऊचा कॉल: यातलं काही टायनी टेपआउट दाखवत नाही. पण रिपोर्ट वाचायची सवय आणि चूक नेमक्या कुठल्या पायरीवर झाली हे हुडकण्याची पद्धत इथे लागते. मुलाखतीत ती पाच मिनिटांत दिसते.

तुमचं कॉलेज केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत असेल, तर आधी तिकडे चौकशी करा. व्यावसायिक टूल बंगळूरच्या सी-डॅकमधल्या चिपइन केंद्रामार्फत मिळतात आणि मोहालीच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर चिप बनवून घेण्याची सोय आहे. नोकरीशी ते जास्त जुळतं. पण ते संस्थेमार्फत चालतं, एकट्याने उठून करता येत नाही. नोकरी करून संध्याकाळी शिकणाऱ्याला किंवा योजनेबाहेरच्या कॉलेजातल्या मुलाला टायनी टेपआउट बरं.

घ्यायचं ठरलं तर दोन गोष्टी पाळा. शटल बंद व्हायच्या निदान आठ दिवस आधी सगळ्या तपासण्या हिरव्या करून डिझाइन पाठवून ठेवा. त्यानंतर सुधारलेली आवृत्ती पाठवता येते. आणि दोन्ही दिशांच्या ८ पिनांपैकी तीन-चार तरी राखून त्यांच्यावर स्टेट मशीनची अवस्था बाहेर काढा. टाइलमधली जागा त्यासाठी नगण्य लागते, आणि चिप मुकी निघाली तर लॉजिक अॅनालायझर लावायला तेवढीच जागा हाताशी राहते.