अंदमानच्या ‘ॲक्टिव्हिटी पॅकेज’मध्ये आमच्या भिशी मंडळाची झालेली फसवणूक

अंदमानला गटाने जाण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहीत आहे. विमानाची तिकिटे आणि हॉटेल यांची खातरजमा बहुतेक जण करतात. कोल्हापूरच्या आमच्या महिला भिशी मंडळानेही ती केली होती आणि त्या दोन्ही बाबतींत आमचा एक रुपयाही बुडाला नाही. पैसे बुडाले ते ‘सर्व ॲक्टिव्हिटी माफक दरात’ या एका ओळीखाली एकरकमी भरलेल्या रकमेत. माणशी ७,५०० रुपये याप्रमाणे मंडळातल्या महिला आणि त्यांच्या घरची माणसे मिळून २२ जणांचे १,६५,००० रुपये आम्ही भरले होते. महिन्याच्या महिन्याला बाजूला काढलेली ती भिशीची रक्कम होती, आणि तिच्यात शिवणकाम करणाऱ्या, पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायकांचाही वाटा होता. म्हणून या फसवणुकीकडे किरकोळ गोष्ट म्हणून पाहणे मला मान्य नाही.

तो एजंट आमच्याच भागातला, आमच्याच बोलीत बोलणारा होता. “काकू, तुम्ही फक्त बॅगा भरा, बाकी सगळं माझ्याकडं लागलं,” असे म्हणत तो घरी आला, सगळ्यांशी आदराने वागला आणि सावरकरांच्या कोठडीविषयी इतक्या भक्तिभावाने बोलला की मंडळातल्या वयस्कर मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. मराठी माणूस अंदमानला निघतो तेव्हा समुद्राइतकीच सेल्युलर जेलची ओढ त्याला असते, हे त्याला पक्के ठाऊक होते, आणि त्याच ओढीवर त्याने आपला धंदा मांडला होता. त्याच्या छापील यादीतली पहिलीच ॲक्टिव्हिटी ‘सावरकर कोठडी विशेष दर्शन’ ही होती. १९११ ते १९२१ या काळात सावरकर त्या तुरुंगात होते. तिथली त्यांची कोठडी साध्या प्रवेश तिकिटावर कोणालाही पाहता येते, तिथे उभे राहून नमस्कार करता येतो आणि त्यासाठी कोणतेही विशेष शुल्क नसते. सरकारी प्रवेश तिकीट किरकोळ रकमेचे आहे. प्रत्यक्षात आम्हाला मिळाले ते तेवढेच.

यादीत एकूण नऊ गोष्टी होत्या. त्यांतल्या दोन वाचताना वेगवेगळ्या वाटत होत्या, पण मुळात ते एकच ठिकाण होते. डिसेंबर २०१८ मध्ये अंदमानातल्या हॅवलॉक बेटाचे नाव स्वराज द्वीप, नील बेटाचे शहीद द्वीप आणि रॉस बेटाचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे झाले. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजय पुरम झाले. लोकांच्या आणि नावाड्यांच्या तोंडी अजून जुनीच नावे आहेत. या एजंटाने ‘रॉस बेट सहल’ आणि ‘नेताजी द्वीप भ्रमण’ अशा दोन स्वतंत्र सफरी लावून दोन्हींचे पैसे घेतले होते. पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर आम्ही दुसऱ्या सफरीविषयी विचारले, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याला आमचा प्रश्नच समजेना. कारण त्याच बेटावरून आम्ही नुकतेच परत आलो होतो.

राधानगर आणि काळापत्थर हे हॅवलॉकचे दोन सुंदर समुद्रकिनारे. राधानगरला २००४ मध्ये ‘टाइम’ मासिकाने आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले होते आणि २०२० मध्ये त्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले. हा सार्वजनिक किनारा आहे. सूर्यास्त पाहण्याचे तिकीट तिथे नाही. आमच्याकडून मात्र ‘राधानगर सूर्यास्त ॲक्टिव्हिटी’ या नावाखाली माणशी ६०० रुपये, म्हणजे एकंदर १३,२०० रुपये लावले गेले होते. हा हिशेब आम्हाला नंतर लेखी मागणी केल्यावर मिळाला. त्यातही त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तिथे पोहोचण्याची वेळ संध्याकाळी सहाची होती. अंदमान आपल्यापासून पूर्वेला दूर असूनही घड्याळ आपलेच चालते, त्यामुळे फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. आम्ही वेळेत पोहोचलो ते केवळ आमच्या गाडीच्या चालकाने आपणहून लवकर निघायला सांगितले म्हणून.

एलिफंट बीचवरची लबाडी अधिक बारकाईची होती, म्हणून ती सविस्तर सांगते. हॅवलॉकच्या जेट्टीवरून पर्यटक तिथे बहुधा बोटीने जातात आणि बोटीच्या तिकिटातच थोड्या वेळाचे स्नॉर्कलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खालचे प्रवाळ-मासे पाहणे, धरलेले असते. एजंटाच्या यादीत फक्त ‘एलिफंट बीच स्नॉर्कलिंग’ असे लिहिलेले होते. जेट्टीवर भेटलेल्या त्याच्या माणसाने सांगितले की तुमच्या पॅकेजमध्ये स्नॉर्कलिंग आहे, बोटीचे भाडे नाही. मुले लाइफ जॅकेट घालून तयार होती, म्हातारी माणसे उन्हात उभी होती. अशा वेळी वाद घालत कोण बसणार? सर्वांनी आपापल्या खिशातून बोटीचे भाडे भरले. पलीकडे उतरल्यावर नावाड्याने प्रत्येकाला पाण्यात फिरवून आणले आणि हे बोटीच्या तिकिटातलेच आहे, असे सहज बोलून गेला. म्हणजे आधी भरलेल्या पैशांच्या बदल्यात आम्हाला तिथे काहीच मिळाले नव्हते.

स्कूबा डायव्हिंगच्या, म्हणजे पाठीला हवेचे सिलिंडर बांधून समुद्रात खाली उतरण्याच्या, बाबतीत हा प्रकार पैशांपुरता राहिला नाही, तो जिवाशी खेळ होता. त्याने सर्व २२ जणांचे स्कूबाचे पैसे घेतले होते. आमच्यात आठ वर्षांची एक मुलगी होती आणि हृदयावर शस्त्रक्रिया झालेले एकाहत्तर वर्षांचे काका होते. डायव्हिंगच्या मान्यताप्राप्त पद्धतीनुसार दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात डाइव्ह करता येत नाही, आणि प्रत्येकाकडून दमा, रक्तदाब, हृदयविकार, कानाचे दुखणे यांविषयी लेखी माहिती भरून घ्यावी लागते. पैसे घेताना एजंटाने कोणाचे वय विचारले नाही आणि आजारही विचारले नाहीत. ज्याला खरोखर डाइव्ह घडवून आणायची असते तो हे प्रश्न सर्वांत आधी विचारतो.

ठरलेल्या सकाळी त्याच्या माणसाचा फोन आला की समुद्र खवळला आहे, आज स्कूबा बंद आहे. आम्ही किनाऱ्यावर गेलो तर पाणी शांत होते आणि दुसऱ्या गटांतली माणसे सिलिंडर पाठीला बांधून प्रशिक्षकाबरोबर पाण्यात शिरत होती. जवळच्या डाइव्ह सेंटरमध्ये चौकशी केली, तेव्हा आमच्या किंवा एजंटाच्या नावाने कोणतेही बुकिंग नसल्याचे समजले. एजंटाला फोन केला तर आधी नेटवर्क नसल्याची सबब आली. मग निरोप आला की परतीच्या दिवशी सकाळी पोर्ट ब्लेअरजवळच्या नॉर्थ बे येथे स्कूबा करून देतो. आमचे विमान त्याच दिवशी दुपारचे होते! सेंटरमधल्या प्रशिक्षकाने हे ऐकताच आम्हाला स्पष्ट शब्दांत थांबवले. एका डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी निदान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्या असतील तर १८ तास जाऊ द्यावे लागतात. दाबाखाली श्वास घेताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन उंचीवर कमी दाबात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडू लागला तर माणूस पंगू होऊ शकतो, प्रसंगी दगावतो. ज्या एजंटाने वर्षानुवर्षे अंदमानच्या सहली नेल्याचे सांगितले होते, त्याला हे ठाऊक नसणे मला शक्य वाटत नाही. आम्ही नकार देऊ आणि रद्द करण्याचा दोष आमच्यावर येईल, हाच त्याचा हेतू असावा. पुढे पत्रव्यवहारात त्याने नेमके हेच लिहिले: ‘ग्राहकांनी स्वेच्छेने ॲक्टिव्हिटी नाकारली.’

हॅवलॉकच्या खारफुटीत रात्री कयाकमधून (वल्ह्याच्या लहान होडीतून) फिरताना पाण्यातले सूक्ष्म जीव वल्ह्याच्या स्पर्शाने चमकतात. हे दृश्य गडद अंधारात, अमावास्येच्या आसपास चांगले दिसते. आमची वेळ पौर्णिमेच्या रात्रीची लावली होती. घरातल्या भिंतीवरचे कालनिर्णय उघडून पाहिले तरी कळावे इतकी ही साधी बाब आहे. नीलवरच्या नैसर्गिक पुलाचेही तसेच झाले. त्या खडकाळ भागात ओहोटीलाच चालता येते, आणि पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास भरतीचे पाणी नेहमीपेक्षा वर चढते. आम्हाला सकाळी दहाला नेले तेव्हा भर भरती होती आणि पायाखालचा सगळा खडक पाण्याखाली होता. दुपारी गेलो असतो तर कोरड्या पायांनी तिथवर पोहोचता आले असते, असे तिथल्या शहाळेवाल्याने सांगितले, पण तोवर आमच्या परतीच्या फेरीची वेळ झालेली होती.

यादीत न छापलेली, पण तोंडी सुचवलेली एक गोष्ट मला सर्वांत घृणास्पद वाटते. बाराटांग बेटावर जाताना ‘जारवा दर्शन’ घडवतो, त्याचे माणशी वेगळे पैसे द्या, असे तो म्हणाला होता. जारवा ही तिथल्या जंगलात राहणारी आदिम जमात, ती माणसे आहेत. जिरकाटांगहून पुढचा रस्ता त्यांच्या राखीव जंगलातून जातो, तिथून वाहने पोलिसांच्या देखरेखीखाली ताफ्याने सोडली जातात. वाटेत थांबणे, फोटो काढणे, त्यांना खायला देणे हे सारे निषिद्ध आहे, आणि आदिम जमातींच्या संरक्षणासाठी १९५६ पासून नियमन लागू आहे. आमच्या मंडळातल्या निवृत्त शिक्षिका असलेल्या वहिनींनी हे त्याला तोंडावर सुनावले आणि तो कार्यक्रमच रद्द करायला लावला. असा प्रस्ताव कोणी मांडला तर त्याच्याशी पुढचा कोणताही व्यवहार करू नये, असे मी कळकळीने सांगते.

आता पैशांविषयी. आमची रक्कम यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर गेली होती. पावतीवर ‘टूर ॲडव्हान्स’ एवढेच शब्द होते, जीएसटी क्रमांक नव्हता, आणि ॲक्टिव्हिटींची यादी पावतीला जोडलेली नव्हती. सुदैवाने ती छापील यादी आणि व्हॉट्सॲपवरचे त्याचे निरोप आमच्यापाशी होते. परतल्यावर आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि वकिलामार्फत नोटीस पाठवली. त्यानंतर ४०,००० रुपये परत आले. उरलेल्या रकमेसाठी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क पडत नाही. तेव्हा एजंट परगावचा आहे म्हणून कोणी गप्प बसू नये. पैसे घेऊन फोनच बंद करणारा भामटा भेटला तर मात्र सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर त्याच तासात कळवावे. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत निघून जाते आणि ती गोठवणे कठीण होते.

ज्यांना कमी खर्चात गटाला सगळे दाखवायचे आहे, त्यांनी प्रवास आणि मुक्काम आधी ठरवावा, पण पाण्यातल्या गोष्टींचे पैसे तिथे पोहोचल्यावर, त्या त्या सेंटरला किंवा जेट्टीवरच्या काउंटरला स्वतः द्यावेत. आम्ही शेवटी तेच केले. डाइव्ह सेंटरने माहिती भरून घेऊन आमच्यातल्या योग्य तेवढ्याच जणांना त्याच दिवशी पाण्यात नेले, गट मोठा असल्यामुळे दरही कमी केला आणि काकांना अन् लहान मुलीला काचेच्या तळाच्या बोटीचा पर्याय सुचवला, जो नीलच्या भरतपूर किनाऱ्यावर सहज मिळाला. बेटांवर नेटवर्क अधूनमधून जाते, म्हणून थोडी रोकड जवळ असावी. आधी पैसे मागणाऱ्याकडून प्रत्येक ॲक्टिव्हिटीचे ठिकाण, बोटीचे भाडे धरले आहे की नाही, डाइव्ह किनाऱ्यावरून आहे की बोटीवरून, पाण्यातला वेळ किती आणि हवामानामुळे रद्द झाल्यास किती दिवसांत पैसे परत, हे ओळीओळीने लिहून घ्यावे. लिहून द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला रक्कम देऊ नये.

आमच्या तक्रारीची सुनावणी अजून व्हायची आहे. दरम्यान त्याच मजकुराचे पत्रक दुसऱ्या नावाने आमच्या भागात पुन्हा वाटले जात आहे, म्हणून ते ओळखता यावे यासाठी त्यातले शब्द इथे देते: ‘सावरकर कोठडी विशेष दर्शनासह नऊ ॲक्टिव्हिटी, ज्येष्ठ आणि बालकांसाठीही स्कूबा, भिशी व महिला मंडळांना खास सवलत.’