जुनं बाल्साचं कब, नवी जाड चाकं: गोव्यातल्या एका मोसमाचा अनुभव

भातकापणीनंतर हे विमान पहिल्यांदा शेतातून उडलं आणि आता पावसाचे ढग जमू लागलेत. एवढा वापर झाल्यावर ठाम मत द्यायला हरकत नाही. जुनं रेडिओ कंट्रोल मॉडेल दुरुस्त करून त्याचं बुश विमान, म्हणजे ओबडधोबड जागीही उतरणारं विमान, करणं गोव्यातल्या माणसाला शंभर टक्के परवडतं, पण पैशांच्या हिशेबात नव्हे. फोमचं तयार विमान घेतलंत तर कमी खर्चात, त्याच संध्याकाळी हवेत जाल. हे करायचं ते एकाच कारणासाठी: आपल्याकडे धावपट्टी नाही, आणि हे विमान धावपट्टी मागत नाही.

विमान म्हणजे पायपर जे-३ कबचं सातव्या हिश्शाचं मॉडेल. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार १०.७४ मीटर, माझ्याचा दीड मीटरच्या किंचित वर. फोंड्यातल्या एका ज्येष्ठ हौशी गृहस्थांनी, ज्यांना आम्ही सगळे भाई म्हणतो, नव्वदच्या दशकात किट मागवून ते बांधलं होतं. मग नोकरी, संसार, आणि विमान माळ्यावर. देताना त्यांनी एकच अट घातली, "भिंतीला टांगायचं नाही. उडवायचं."

अलास्कात लोकांनी या विमानाचं काय काय केलं ते आधी सांगतो, कारण माझे सगळे बदल तिथूनच आले आहेत. जे-३ कब १९३८ ते १९४७ या काळात बनलं, जवळपास वीस हजार. १९४९ मध्ये त्याचंच जास्त ताकदीचं भावंड सुपर कब आलं आणि तिकडच्या वैमानिकांनी ते आपलंसं केलं. रस्ता नाही, गावाला विमानतळ नाही, उतरायचं ते नदीपात्रातल्या गोट्यांवर नाहीतर हिमनदीवर. त्याआधी, तीसच्या दशकात, वाल्डीझचा बॉब रीव्ह ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या चिखलावरून स्की लावलेलं विमान उडवायचा आणि वर हिमनदीवर नेऊन उतरवायचा. खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या शेतांतला, चिखल ज्याने पायाखाली अनुभवलाय त्याला यातली करामत वेगळी सांगायला नको. अशा जागी कामाचं विमान वेगवान असून चालत नाही. कमीत कमी वेगाला ते हवेत टिकलं पाहिजे आणि जमिनीने दिलेले धक्के पोटात घेतले पाहिजेत.

आपल्याकडेही या घराण्यातलं एक विमान होऊन गेलं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. वर पंख, दोन माणसं, कापडाने मढवलेलं, आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांमधून कितीतरी वैमानिक त्यावर शिकले. त्याच्या आराखड्यामागे डॉ. वि. मा. घाटगे होते, आपले कोल्हापूरकडचे. त्यांचं नाव पुढे पुन्हा येईल.

आता दुरुस्ती. जुन्या इंजिनवाल्या मॉडेलचं खरं दुखणं तेल. मिथेनॉलवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनच्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असतं. न जळलेलं तेल एक्झॉस्टमधून उडतं आणि वर्षानुवर्षं नाकाच्या लाकडात मुरतं. वरून लाकूड फक्त काळपट दिसतं, पण त्यावर कुठलाही गोंद धरत नाही. मी नाकाकडची मढवलेली सगळी फिल्म सोलली, हीट गनने लाकूड हलकंसं तापवलं, की तेल वर पाझरतं. लगेच त्यावर कॉर्नफ्लॉवर दाबून बसवायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी ते पिवळट गोळे होऊन निघतं. ब्रशने झटका, पुन्हा तापवा, पुन्हा पीठ. पीठ पांढरंच्या पांढरं निघेपर्यंत हे करत राहायचं. घाई करून यावर इपॉक्सी ओतणारे पाहिलेत, पहिल्या आपटीत मोटर ती जिच्यावर बसते ती पुढची फळी घेऊन सुटते. इतकं करूनही ती पुढची फळी मी बदललीच, नवीन प्लायवूडची घातली. मागचे बाल्साचे दांडे मात्र वाचले, ते अजून टणक आहेत. भाईंच्या हातचा एकही जोड उकललेला नाही.

बाल्सा, हे मॉडेलांचं हलकं लाकूड, इक्वाडोरहून येतं आणि इथे दुकानात पत्रा हातात घेऊन निवडायची सोय नाही. ऑनलाइन मागवलेल्या एका खेपेत निम्मे पत्रे जड निघाले, दुकानदाराने परत घेतले नाहीत. तेव्हा प्रत्येक पत्रा वजनकाट्यावर ठेवा. हलके शेपटीला, जड नाकाला. जिथे बाल्साच हवा असं नव्हतं तिथे मी सावंतवाडी गाठली. तिथल्या खेळण्यांसाठी पांगाऱ्याचं लाकूड पूर्वापार वापरात आहे, हलकं आणि सुरीखाली लोण्यासारखं. चितारआळीतल्या एका कारागिरांनी त्याचे चार नकली सिलिंडर लेथवर काढून दिले. कबच्या नाकातून दोन्ही बाजूंना सिलिंडर बाहेर डोकावतात, ते नसतील तर चेहराच हरवतो. सजावटीवर मी एवढंच वजन खर्च केलं.

मढवण्यासाठी मला खरं तर टिश्यू कागद आणि डोप वापरायचा होता, जुन्या पद्धतीने. डोप म्हणजे कागद ताणून हवाबंद करणारं वार्निश. गोव्यात हे पावसाळ्यात करायला जाऊ नका. हवेत दमटपणा असला की डोप सुकताना पांढरा पडतो आणि पृष्ठभाग खडूसारखा कमकुवत होतो. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी कदाचित जमेल. मी इस्त्रीने चिकटणारी पॉलिस्टर फिल्म घेतली, पिवळी, बाजूला काळा पट्टा, पायपरच्या लॉक हेवन कारखान्यातून निघायची तशी. हिरव्या डोंगरासमोर हा पिवळा रंग लांबूनही नजरेतून निसटत नाही, ही सोय रंगरूपापेक्षा मोठी. फिल्मबद्दल तक्रार एकच: उन्हात बंद गाडीत तासभर विमान राहिलं की पंखांवर सुरकुत्या येतात. छोटी इस्त्री सोबत ठेवतो.

इंजिनच्या जागी विजेवर चालणारी ब्रशलेस मोटर आणि चार सेलची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी बसवली. मिथेनॉलचं इंधन इथे सहजी मिळत नाही, आणि सकाळी सातला शेतात टू-स्ट्रोकचा कर्कश आवाज गावाने का सहन करावा? मोटर इंजिनपेक्षा हलकी असल्याने बॅटरी थेट पुढच्या फळीला टेकवून ठेवता आली. गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या २८ टक्क्यांवर आला, शिशाचा एक कणही न घालता.

सगळ्यात जास्त फरक चाकांनी पडला. अलास्कातली टुंड्रा चाकं ३१ इंच व्यासाची मिळतात, हवा अगदी कमी, त्यामुळे दगड टायरच्या आत रुततो आणि विमान त्यावरून निघून जातं. सातव्या हिश्शाला ते साधारण साडेचार इंच होतात. मी पोकळ रबरी टायर घेतले. त्यांना बारीक भोक असतं, दाबले की हवा सुस्कारा टाकत बाहेर जाते आणि परत भरते. कडक फोमची चाकं आधी लावून पाहिली, ती भाताच्या खुंटांवरून उसळतात. मूळ कबच्या पायांत बंजी दोरीचं स्प्रिंग असतं. किटमध्ये नुसती वाकवलेली तार होती, ती काढून मी दोन्ही पाय मध्यभागी बिजागरीवर घेतले आणि शिवणकामाच्या जाड इलास्टिकचे वेढे दिले. उतरताना पाय फाकतात, इलास्टिक ताणतं, विमान बसतं. बांधावर उभं राहून हे बाजूने पाहावं. उन्हाने इलास्टिक ढिलं होतं, ते मोसमात एकदा बदलावं लागतं.

मोठ्या चाकांचा दुसरा फायदा लोक विसरतात. नाक उंच होतं, म्हणून पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, मोठा लावता येतो. मी १० इंचाचा काढून १३ इंच व्यासाचा, फक्त ४ इंच पिचचा (पिच म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं माप) लावला. सुपर कबवालेही हेच करतात, ८२ इंची लांब आणि कमी पिचचा प्रोपेलर. वरचा वेग जातो, पण जागेवरून ओढ अशी मिळते की विमान गवतात घासत जात नाही, थेट उचललं जातं.

जे-३ ला फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मागे खाली झुकणारे पट्टे, नसतात, सुपर कबला असतात. मी पंखांच्या आतल्या बाजूची मागची कड कापून फ्लॅप केले. पूर्ण फ्लॅप सोडल्यावर नाक वर उसळतं, म्हणून ट्रान्समीटरमध्ये थोडा डाउन एलिव्हेटर (नाक खाली नेणारी शेपटीची हालचाल) मिसळून ठेवा. उड्डाणाला अर्धे, उतरायला पूर्ण. हा बदल कापाकापीच्या भीतीने टाळू नका, चाकांनंतर सगळ्यात उपयोगी हाच.

पंखांवरच्या व्होर्टेक्स जनरेटरबद्दल मात्र सबुरीने लिहितो. पातळ प्लास्टिकचे नखाएवढे उभे तुकडे, पंखाच्या पुढच्या कडेजवळ तिरपे चिकटवलेले. पंखाला घासून जाणारा हवेचा थर हळू पडला की तो पंख सोडून सुटतो आणि पंख गळतो. हे तुकडे त्या थरात वरची ताजी हवा घुसळतात. या सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल यांनी १९०४ साली मांडली, आणि घाटगे यांनी जर्मनीत गटिंगनला याच प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केली. प्लास्टिकचे तुकडे कापत बसलो असताना हे वाचनात आलं आणि पुष्पककडे पाहायची नजर बदलली. प्रत्यक्षात काय झालं? मी ते फक्त एलरॉनच्या, म्हणजे पंखांच्या टोकाकडच्या हलत्या पट्ट्यांच्या, पुढे लावले. उतरण्याची लांबी घटली असं म्हणणार नाही, पण अगदी हळू असताना एक पंख खाली जायचा तो प्रकार सौम्य झाला आणि हातात वेळ उरतो. कबला वळवायचं असेल तर रडर, म्हणजे शेपटीची उभी हलती पट्टी, वापरावाच लागतो. नुसत्या एलरॉनने नाक उलट्या बाजूला जातं.

वजन १,८०० ग्रॅमच्या आसपास ठेवलं. कारणं दोन. स्टॉलचा वेग, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत तो, वजनाच्या वर्गमुळाने बदलतो, म्हणजे दहा टक्के वजन वाचवलं की उतरण्याचा वेग पाच टक्क्यांनी कमी. आणि २०२१ च्या ड्रोन नियमांत २ किलोपर्यंतचं यान मायक्रो गटात येतं, हौसेसाठी उडवताना रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. जागेचा नियम सर्वांना सारखाच. सरकारी नकाशावर हिरवा भाग बघायचा, तिथे ४०० फुटांपर्यंत मुभा. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मुभा २०० फुटांवर येते. एवढ्याशा गोव्यात दाबोळी आणि २०२३ पासून मोपा, शिवाय दाबोळी नौदलाचं. म्हणून मी सत्तरीकडची शेतं धरली. नकाशा निघण्याआधी दर वेळी उघडतो, त्यात आळस नको.

आमच्या ठिकाणी मतलई वारे पडतात आणि खारे वारे सुटायचे असतात, ती मधली सकाळ सोन्याची. दहा-साडेदहानंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि १,८०० ग्रॅमचं विमान त्यात डोलायला लागतं. तरी समोरून संथ वारा असला की हेच विमान जवळजवळ जागीच उतरतं. शेताचे मालक पहिल्या दिवशी बांधावर हात मागे बांधून उभे होते. विमान खुंटांमध्ये थांबलं तसे म्हणाले, "बाबा, एवढीच जागा लागते? मग कुंपणाकडचा तुकडा मोकळा आहे, तिथेही ये." सड्यावरही उडवलं. जांभ्याच्या खरखरीत कातळाने टायर झपाट्याने झिजतात, शेतच बरं.

खारी हवा हा इथला कायमचा शत्रू. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात उघड्यावर उभी असलेली सुपर कॉन्स्टेलेशन आणि चिमुकलं सीलँड पाहिलीत तर कळेल की समुद्राजवळ धातू टिकवणं केवढं काम आहे. माझ्या मॉडेलमधल्या लोखंडी पुशरॉडच्या जागी कार्बनच्या दांड्या घातल्या, स्क्रू स्टेनलेसचे. पावसाळ्यात विमान कपाटात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळे करायचे. बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास.

कोणासाठी आहे हे? पहिलंच विमान असेल तर फोमचं घ्या, आपटेल, चिकटवा, शिका. रडर हातात बसला असेल आणि ओळखीत कोणाच्या माळ्यावर असं जुनं बाल्सा पडलं असेल, तर मागून आणा. आधी तेल काढा, मग चाकं, मग फ्लॅप. बाकी सगळं नंतर.

या पावसाळ्यात त्याला फ्लोट, म्हणजे पाण्यावर उतरण्यासाठीचे तरंगे, बनवायचे आहेत. लांबी धडाच्या तीन-चतुर्थांशापेक्षा थोडी जास्त, तळाची पायरी गुरुत्वमध्याच्या जरा मागे, एवढं ठरलंय. वजन दोन किलोंच्या आत कसं बसवायचं यावर भाईंशी रोज वाद चालू आहे.