डाळीवरचा फेस आणि बबल मॅगस कर्व्ह 5

खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी लेकाने हौसेने मांडली आणि नोकरी लागताच तो बंगळुरूला गेला. टाकी राहिली डोंबिवलीत, माझ्या गळ्यात. म्हणून बबल मॅगस कंपनीचा कर्व्ह 5 हा स्किमर, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र, मी निवडला, पैसेही मीच मोजले.

आधी टाकीसोबत दुकानदाराने लाकडी एअरस्टोनचा (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या ठोकळ्याचा) एक स्किमर खपवला होता, 2,500 रुपयांना. लाकडाचा तो ठोकळा दीड महिन्यात चोंदायचा, बुडबुडे मोठे व्हायचे आणि फेस वरच्या घाण साठवायच्या कपापर्यंत पोचायचाच नाही. वर्षभर ठोकळे आणि एअरपंपाचे पडदे बदलून झाल्यावर हिशेब मांडला, तेव्हा स्वस्ताई कळली.

डाळ शिजताना वर येणारा फेस आपण डावाने काढून टाकतो ना, स्किमरचं कामही तेच. माशांची घाण, उरलेलं खाणं यांतले पदार्थ बुडबुड्यांना चिकटून कपात जातात, कुजून नायट्रेट होण्याच्या आत. बुडबुडा जितका बारीक तितकं काम चोख. गोड्या पाण्यात बुडबुडे तसे बारीक राहत नाहीत, त्यामुळे तिथे हे यंत्र घेऊ नका.

कर्व्ह 5 मध्ये ठोकळा नाही. पंपाच्या चाकाला सुया असतात, त्याच हवेला कुटतात. खोक्यावर 140 गॅलन, म्हणजे साधारण 530 लिटर लिहिलंय. आमची टाकी 4 × 1.5 × 1.5 फूट, 255 लिटरची; सम्प, म्हणजे खालच्या कपाटातली पाण्याची छोटी टाकी, धरून तीनशेच्या आत. पण तो आकडा कमी माशांच्या टाकीसाठी असतो हे ध्यानात ठेवा. आमच्याकडे क्लाउनफिशची जोडी, दोन डॅमसेल आणि एक खादाड फॉक्सफेस. (प्रवाळ नाहीत. दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, दुकानदार काहीही सांगो.) म्हणून दुपटीच्या जवळपासचा घेतला. त्याहून मोठा घेतला असता तर घाणच पुरली नसती आणि फेस धड टिकला नसता.

घेण्याआधी कपाटाची उंची मोजा. यंत्र वीसेक इंच उंच आहे, आणि कप काढायला वर हात जायला हवा. स्किमर किती पाण्यात उभा राहणार हेही ठरलेलं असतं. आमच्या सम्पमध्ये पाणी जास्त, म्हणून खाली अॅक्रिलिकचा पाट करून घेतला, 350 रुपये.

पहिले दहा दिवस कपात नुसतं पाणीच पाणी. नव्या प्लास्टिकचा तेलकटपणा जाईपर्यंत कुठलाही स्किमर असाच वागतो, पण मी लेकाला तीनदा फोन केला. "आई, हात लावू नकोस," एवढंच तो म्हणाला. अकराव्या दिवशी कपात काढ्यासारखं काळपट पाणी! वास मात्र काढ्याचा नाही.

लाइट गेली की टाकीतलं पाणी सम्पमध्ये उतरतं, आणि लाइट आल्यावर स्किमर बुडालेल्या अवस्थेत सुरू होऊन कप भरून सांडतो. म्हणून स्किमरचं बटण मी दहा मिनिटांनी लावते. दर तीन दिवसांनी कपाची मान पुसायची, हवेच्या नळीत मीठ धरलं तर गरम पाणी ओतायचं, तीन महिन्यांनी पंप पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्यात भिजवायचा. एवढीच सेवा.

आठ महिन्यांत पाण्यातलं नायट्रेट लिटरमागे 40 मिलिग्रॅमवरून 15 वर आलंय. सतरा हजार गेले, पण ठोकळे आणायला कुर्ल्याला जाणं सुटलं.